पैलवानाची पिल्लं

२ मार्च

पैलवान बाई निघाला.

पैलवान म्हणजे माझ्या लेकीचा विंचू. काळाकुळकुळीत, तळहाताएवढा. पुढचे दोन पंजे इतके भरदार की हा दंड थोपटून उभा आहे असं वाटावं. नाव तिनेच ठेवलं. लोकांच्या मुली मांजर पाळतात. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला गेली तेव्हा त्याची काचेची पेटी माझ्या गळ्यात मारून गेली. तिथे राहायच्या जागी प्राणी चालत नाहीत म्हणे. अधूनमधून दोन रातकिडे टाकायचे, पाण्याची वाटी भरायची, बाकी तो कुणाच्या अध्यातमध्यात नसतो.

आज वाटी भरायला झाकण उघडलं तर त्याच्या पाठीवर पांढरं काहीतरी माजलेलं. मला वाटलं, बुरशी. दातांच्या कवळ्या बनवणं हा माझा धंदा; त्या घासताना लावतो ते भिंग डोळ्यांवर चढवलं आणि वाकलो. बुरशीला डोळे होते. प्रत्येक दाण्याला दोन चिमुकले पंजे होते, आणि मागे वळवलेली शेपटी. मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंनी मशीन थांबवलं.

विंचू अंडी घालत असेल असं मी आजवर धरून चाललो होतो. हा प्राणी गाईम्हशीसारखा व्याला! तोही पुरुष म्हणून इतके महिने वावरून!

लेकीला फोन लावला. ती गेल्यापासून तिचे फोन मी घेतले नव्हते. जाऊ का म्हणून विचारलं नाही, जाते म्हणून नुसतं सांगितलं, त्याचा राग होता. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"बाबा? काय झालं? तू बरा आहेस ना?"

"मी बरा आहे. पैलवान बाळंत झाला."

तिने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग ती हसायला लागली, ती इतकी की शेवटी रडते आहे की काय कळेना. मग मात्र मास्तरणीच्या सुरात सूचना सुरू. पिल्लांना हात लावायचा नाही. कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच राहतात, मग आपली आपण उतरतात. आणि सारखं सारखं झाकण उघडून बघायचं नाही, कारण आई बिथरली तर पिल्लं खाते.

"खाते म्हणजे?"

"खाते म्हणजे खाते, बाबा."

मी खुर्चीत बसलो.

५ मार्च

लेकीचा आता रोज संध्याकाळी फोन येतो. पिल्लं कशी आहेत, पैलवान काय करतो आहे, खोली गरम आहे ना. मीही दिवसभर सांगण्यासारखं काहीतरी जमवून ठेवतो. आज सांगितलं की एक पिल्लू घसरून पडलं आणि आईचा पाय धरून पुन्हा वर चढलं. ती इतकी खूश झाली. आमचं एवढं बोलणं तिच्या शाळेपासून झालेलं नव्हतं.

सूचना पाळतो. अगदीच राहवलं नाही तर झाकण उचलून डोकावतो, इतकंच. आज सकाळी आक्का डबा घेऊन आली तेव्हा मी तिसऱ्यांदा डोकावत होतो. आक्का माझी थोरली बहीण, पलीकडच्या इमारतीत राहते. पेटीत नजर गेली आणि तिचा डबा हातातून सुटता सुटता राहिला.

"हे घरात? तू वेडा झालास का?"

"बाळंतीण आहे. हळू बोल."

आक्का दारातूनच म्हणाली, "आणि सारखा काय वाकतोस? पोरीच्या खोलीतही असाच दर घटकेला डोकवायचास. अभ्यास करते आहे का, झोपली आहे का. बिचारीने शेवटी दाराला खुर्ची लावली होती."

विषय काय, ही बोलते काय. आक्काला कुठे काय बोलावं ते कधी कळलंच नाही.

लेकीने थंडीचे कपडे मागवलेत. उन्हाळा तोंडावर आलाय, ट्रेनिंग उन्हाळ्यातच संपणार. पण तिथे एसी फार असेल. गठ्ठा बांधून पाठवून दिला. तिचा निळा स्वेटर कपाटाच्या तळाशी होता, तोही आठवणीने घातला.

९ मार्च

आज जे झालं ते लिहिताना बोटं धजत नाहीत. तरी लिहितो.

माझ्या कामाच्या टेबलावर जांभळ्या उजेडाचा दिवा आहे. दातांचं मटेरियल त्याखाली घट्ट होतं. दुसराही उपयोग आहे. खिडकीचा पडदा ओढून तो दिवा पेशंटच्या तोंडाशी धरला की जिवंत दात निळसर उजळतो आणि मेलेला काळपट राहतो. दातांच्या डॉक्टरांना एक्स-रेमध्ये दिसत नाही ते मला त्या उजेडात दिसतं. सगळी हयात या परीक्षेने मला फसवलेलं नाही.

मागे लेकीने हाच दिवा नेऊन मला पैलवान दाखवला होता. काळा विंचू त्या उजेडात हिरवागार पेटला होता, मी तोंडात बोटं घातली होती. आज दुपारी काम कमी होतं. म्हटलं, आई एवढी सुंदर दिसते तर पिल्लं कशी दिसतील? पडदे ओढले, दिवा घेऊन गेलो.

पैलवान पेटला. पिल्लं नाही. एकही नाही. हिरव्या पाठीवर नुसते काळे डाग.

मेली. सगळी मेली, आणि ही वेडी मेलेली पिल्लं पाठीवर घेऊन फिरते आहे. ती सडली तर आईलाही घेऊन जातील. कारागिराचा हात आहे माझा, केसाएवढ्या तारा मी वाकवतो. लांब चिमटा आणि मऊ कुंचला घेतला आणि एकेक पिल्लू पाठीवरून उचलून ओल्या कापसावर ठेवलं. पैलवानाने नांगी उगारली, पेटीभर धावला, पण मी काम पुरं केलं.

मग पडदा सारला. कापसावरची पिल्लं चालत होती.

ती घाईघाईने परत पाठीवर ठेवायला गेलो. पहिलं ठेवलं, तिने झटकलं. दुसरं तिच्या समोर पडलं. तिने ते पंजाने उचललं. मला वाटलं, आई आहे, पाठीवर ठेवेल. तिने तोंडाशी नेलं आणि खाल्लं. माझ्या डोळ्यांसमोर. मग तिसरं.

उरलेली मी ओढून घेतली, कापसावर ठेवली, कापूस डबीत ठेवला, डबी दिव्यापासून लांब उबेत ठेवली. संध्याकाळी फोन वाजला.

"कशी आहेत रे?"

"मजेत," मी म्हणालो.

११ मार्च

डबीतलं शेवटचं आज गेलं. कुंडीत पुरली सगळी. एवढीशी, पण खड्डा चांगला खोल खणला.

लेकीला सांगायला पाहिजे. रोज ठरवतो, आज सांगायचं. फोन येतो, तिचा आवाज असा उत्सुक असतो, आणि मी म्हणतो, मजेत. खरं तेच लिहितो, इथे कोण बघतंय. पिल्लं नाहीत म्हटलं तर ती रोज फोन कशाला करेल? माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला? पिल्लं आहेत तोवर फोन आहे.

ती म्हणाली, "फोटो पाठव ना."

उद्या पाठवतो म्हटलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

१४ मार्च

केली.

दातांसाठी वापरतो तेच मटेरियल, शेड ए-टू, किंचित पिवळसर. तांदळाएवढं अंग, शेपटी तारेवर चढवली, पंजे भिंगाखाली सुईने कोरले. डॉक्टरांच्या दोन कवळ्या बाजूला पडल्यात, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. सांगितलं, साचा फुटला. पिल्लांना पॉलिशदेखील केलं. स्वतःचं म्हणून नाही सांगत, पण जिवंत वाटतात.

आक्का आली, ट्रेमध्ये पाहिली आणि किंचाळली. म्हटलं, घाबरू नकोस, खोटी आहेत. त्यावर ती जास्तच घाबरली.

"तू पोरीला खोट्या विंचवांचे फोटो पाठवणार?"

"तात्पुरते."

"तात्पुरते म्हणजे कधीपर्यंत?"

मी पॉलिशचं फडकं उचललं. आक्का माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. काहीतरी सांगणार होती, पण पदर सावरून निघून गेली.

१६ मार्च

मोहीम फत्ते. पण बोट सुजलंय.

सकाळच्या गारव्यात पैलवान सुस्त असतो. लांब चिमट्याने एकेक पिल्लू पाठीवर मांडलं. सगळी बसली, मी फोन सरसावला, आणि शेवटचं जरा वाकडं दिसतंय म्हणून सरळ करायला बोट घातलं. तिने नांगी हाणली. बोबडीच वळली. वाटलं, संपलो. आक्काला हाका मारल्या, शिलाईवाल्या बाईंना हाका मारल्या. मग कळलं की मधमाशी चावल्याइतकंच दुखतंय. लाज वाटली. पण फोटो मिळाला.

लेकीला इतका आवडला! "किती गोड आहेत," म्हणाली. हुरूप आला. मनात आलं, पुरावा द्यावा तर पक्का द्यावा. आमचं मटेरियल उत्तम प्रतीचं, जिवंत दातासारखं जांभळ्या उजेडात चमकतं. पुन्हा सगळी मांडली, पडदे ओढले, दिवा धरून दुसरा फोटो काढला. आई हिरवी, पाठीवर सगळी पिल्लं निळसर चांदण्यांसारखी. पाठवला. खाली लिहिलं, बघ, एकूण एक जिवंत!

बराच वेळ उत्तर नाही. मग तिचा फोन आला. मी विचारलं, दिसला का फोटो?

"दिसला."

"मग?"

"काही नाही. बाबा, तू जेवलास का?"

कामाने दमली असेल पोर.

२७ मार्च

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. कवळ्या दिल्या. रातकिड्यांच्या डब्यातून एक सुटला आणि कवळ्यांचं मेण ठेवतो त्या कपाटामागे गात बसलाय, सापडत नाही.

माझ्या नशिबाने लेकीलाच सगळं माहीत असतं, त्यामुळे मला फारसं रचावं लागत नाही. तीच म्हणते, "आता कात टाकली असेल ना त्यांनी?" मी म्हणतो, कालच. "मग पाठीवरून उतरली असतील, आता वेगवेगळी लपत असतील, फोटोत यायची नाहीत." मी म्हणतो, अगदी तसंच, एक दिसेल तर शपथ. किती मोठं ओझं उतरलं! तिच्या बोलण्यात उत्तर तयारच असतं, मला नुसतं हो म्हणायचं असतं.

तिने शिक्षणाची सगळी प्रमाणपत्रं मागवली. ट्रेनिंगवाल्यांना दाखवायची असतील. तिच्या आईचा छोटा आरसाही मागितला. तो मात्र पाठवताना जड गेलं. कापडात गुंडाळला, वर पुठ्ठा, त्यावर पुन्हा कापड. फुटू नये म्हणून पार्सलवाल्याला चारदा बजावलं. तिथे साधा आरसा नसावा म्हणजे कमालच आहे.

पैलवानाला मी आता दिवा दाखवत नाही. तो जांभळा उजेड बघवत नाही मला. वाटी भरतो, रातकिडा टाकतो, झाकण लावतो. तिच्याकडे बघितलं की ते पंजाने उचलणं आठवतं. चूक तिची नव्हती, हेही आठवतं.

८ एप्रिल

येते म्हणाली! रविवारी! ट्रेनिंग संपायच्या आधीच!

आनंदाने उडी मारणार तेवढ्यात पायाखालची जमीन सरकली. येणार म्हणजे पेटी बघणार. मोठी पिल्लं करावी लागतील. आता कात टाकल्यावर रंग काय होत असेल? करडा? तपकिरी? त्या शेडचे दात कोण लावतं? तंबाखू खाणाऱ्यांसाठी मागवलेलं थोडं मटेरियल आहे, त्यात काजळी मिसळून बघतो.

आक्काला म्हटलं, ती येते आहे. आक्काने विचारलं, "काही बोलली का?" काय बोलणार? येते म्हणाली. आक्का म्हणाली, "बरं." एवढंच. एवढं थोडं ती जन्मात बोललेली नाही.

१२ एप्रिल

डोकं अजून बधिर आहे. क्रमाने लिहितो.

लेक आली. दारात मला मिठी मारली, बॅग ठेवली आणि पेटीकडे न जाता सरळ माझ्या कामाच्या टेबलाकडे गेली. वरचाच खण उघडला. नवी करडी पिल्लं ओळीने वाळत ठेवली होती. तिने एक तळहातावर घेतलं, भिंग लावलं.

"याला सहाच पाय आहेत, बाबा. विंचवाला आठ असतात."

मी खण लोटून लावला. म्हणालो, तुला कधी कळलं?

"तू जांभळ्या उजेडातला फोटो पाठवलास तेव्हा. नवी पिल्लं चमकत नाहीत. पहिली कात टाकेपर्यंत त्या उजेडात ती काळीच दिसतात. तुझी सगळी लखलखत होती."

मी जमिनीवर बसलो. पाठीवरची ती खरी पिल्लं मेलेली नव्हती. ती फक्त लहान होती. कात टाकायची होती त्यांना, इतकंच, आणि मी त्यांना जिवंत असताना मेलेली म्हणून उचलली. मी तिला सगळं सांगितलं, कापूस, कुंचला, आईने उचलून खाल्लं ते. सांगताना रडलो. ती माझ्याजवळ जमिनीवर बसली.

"मग तू बोलली का नाहीस?" मी विचारलं. "इतके दिवस मला खोटं बोलू दिलंस?"

"तू फोन उचलत होतास ना."

मग ती नखं बघायला लागली. म्हणाली, "मीही बोलले ना खोटं. ट्रेनिंग नाहीये, बाबा. नोकरी आहे. पहिल्या दिवसापासून कायमची. खोली घेतली आहे तिथे. प्राणी चालतात. पैलवानाला मुद्दाम ठेवून गेले. म्हटलं, राग कितीही असला तरी त्याचं काही अडलं तर तू फोन करशील."

थंडीचे कपडे. प्रमाणपत्रं. आरसा. मीच गठ्ठे बांधले होते. माझ्याच हाताने माझी मुलगी घरातून थोडी थोडी पाठवून दिली आणि पार्सलवाल्याला चारदा बजावलं की फुटायला नको.

"आक्काला माहीत होतं?"

"आत्याला सगळं माहीत असतं."

मला राग यायला हवा होता. शोधला, सापडला नाही. मी म्हणालो, जा, पण पैलवानाला एकदा नीट बघून घे, महिनाभर मी तिच्याकडे धड पाहिलेलं नाही. लेकीने पडदे ओढले, माझा दिवा उचलला. मी मान फिरवणार होतो, तेवढ्यात तिने माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला.

"बाबा. बाबा, खाली बघ."

पेटीत आडव्या ठेवलेल्या लाकडाच्या सालीखाली पैलवान हिरवा पेटला होता. आणि सालीच्या फटीत, तिच्यापासून वीतभर अंतरावर, आणखी एक हिरवा ठिपका होता. तांदळाहून थोडा मोठा. त्याने शेपटी वळवली. आम्ही पाय मोजले. आठ.

माझ्या चिमट्यातून एक निसटलं होतं. सालीखाली घुसलं, तिथेच कात टाकली, आणि मी टाकलेल्या रातकिड्यांतलं उष्टं खाऊन महिनाभर गुपचूप जगलं. मी बघत नव्हतो म्हणूनच जगलं, असं लेक म्हणाली. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती.

१४ एप्रिल

ती गेली. पैलवानाला डब्यात घालून नेलं. पिल्लू मला ठेवलं, वेगळ्या बरणीत, सालीच्या तुकड्यासकट.

"हे तुझं," ती म्हणाली. "झाकणाला भोकं पाडली आहेत. बारकासा किडा टाकायचा, खालची माती ओली ठेवायची. आणि..."

"माहीत आहे. सारखं बघायचं नाही."

तिने गाडीतून हात केला. मी परत येऊन तिच्या खोलीत बसलो. खुर्ची दारामागेच ठेवलेली होती. पूर्वी तिथे ती का असते याचा मला नेहमी राग यायचा. उचलून टेबलापाशी ठेवली.

२१ एप्रिल

आठवडाभर दिवा लावलेला नाही. बरणी लेकीच्या खोलीच्या खिडकीत आहे, मी इथे कवळीला दात बसवतोय. दिवसातून कितीदा उठतो आणि परत बसतो ते माझं मला माहीत. माती ओली करायची असते तेव्हा जातो, पाणी शिंपडतो, बारका किडा टाकतो, परत येतो. साल उचलत नाही. काय हाल होतात ते लिहायची सोय नाही.

संध्याकाळी मी फोन केला नाही. तिचाच आला.

"कसं आहे पिल्लू?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे बघितलं नाही. आत असेल. त्याचं ते बघेल."

मग तिचा घाबरलेला आवाज आला.

"बाबा, तुझी तब्येत बरी आहे ना? आत्याला पाठवू का?"